जुन्या लेथच्या क्रॉस स्लाईडचा नट गेलाय, मेट्रिक स्क्रू टाकू का?

गुऱ्हाळ_रिपेअर:
नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आज्ज्यापासनं आमचं छोटं वर्कशॉप हाय, उसाच्या चरकाची आणि जुन्या ऑइल इंजिनाची कामं करतो. लेथ आज्ज्यानंच घेतलेला, इंचातला, आधी पट्ट्यावर चालायचा. आता क्रॉस स्लाईडचं (टूल जॉबकडं आत-बाहेर नेणाऱ्या भागाचं) हँडल पाव फेरा नुसतंच फिरतंय आणि मग स्लाईड हलतीय. स्क्रू सात सुताचा (7/8 इंची), डावे आटे, डायलवर 200 रेघा, एक रेघ एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग). एकजण म्हणाला 22 बाय 5 चा (22 मिमी जाड, 5 मिमी पिच) तयार मेट्रिक रॉड डाव्या आट्याचा मिळतोय, नटसकट घे, फरक काय कळत नाही. खरंय का? दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की मशीन बंद ठेवून चालणार नाही.

भावा_फिटर:
नुसता नट बदल की भावा, अर्ध्या दिवसाचं काम.

लेथवाला_77:
नुसता नट नको. स्क्रू मधल्या पट्ट्यातच झिजलेला असणार कारण रोजचं काम तिथंच चालतं, टोकाचे आटे कोरे. नट मधल्या भागावर फिट केला तर टोकाला जाऊन आवळणार, टोकाच्या मापानं केला तर मध्ये परत ढिला. दोन्ही एकदम करा.
आणि मेट्रिकचं म्हणाल तर 200 रेघांना एक थाऊ म्हणजे इंचात पाच आटे, पिच (दोन आट्यांतलं अंतर) 5.08 मिमी. तुम्ही टाकणार 5 चा. फेऱ्याला 0.08 चा फरक, दहा फेऱ्यांना 0.8 मिमी. वीस थाऊचा कट घ्याल तेव्हा काही कळणार नाही, पण डायलच्या भरवशावर मोठा व्यास उतरवलात की जॉब भंगारात. डायलपण बदलणार असाल तर गोष्ट वेगळी. आधी पट्टी लावून दहा आटे मोजा, बरोबर दोन इंच भरले पाहिजेत, 50 मिमी भरले तर आधीच कुणीतरी बदललाय म्हणायचं.

गुऱ्हाळ_रिपेअर:
मोजले, दोन इंच. पण आटे चौकोनी हैत का अ‍ॅक्मे ते कळंना, मधले तर सुरीसारखे झालेत.

जुना_टर्नर:
मधले बघायचेच नाहीत बाळा. नट जिथंपर्यंत कधी पोचला नाही तो टोकाचा आटा बघ, तोच खरं सांगतो. बाजू सरळ उभ्या असल्या तर चौकोनी, उतरत्या असल्या तर अ‍ॅक्मे, त्याचा कोन 29 डिग्री. मेट्रिकचा 30, म्हणून टूल घासताना गेज अ‍ॅक्मेचाच घे.
स्क्रूला ईएन 8 पोलाद, नटाला गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझ. नटच झिजला पाहिजे, स्क्रू नव्हे. पितळ स्वस्त पडतं म्हणून घालू नको, दोन हंगामात परत इथंच विचारायला येशील. एवढ्याशा बोअरमध्ये आतनं अ‍ॅक्मे पाडायचं म्हणजे बोअरिंग बार थरथरतो, त्यापेक्षा टॅप (आतले आटे पाडायचं हत्यार) कर. स्क्रू पाडतोस त्याच टूलनं, त्याच गिअरवर ओएचएनएसचा (तेलात कडक होणाऱ्या टूल स्टीलचा) एक तुकडा पाडायचा, बाहेरून दहा थाऊ जास्त ठेवायचा, पुढं लांब उतार द्यायचा, गाळे (उभे चर) मारायचे, लालबुंद करून तेलात टाकायचा आणि गवती रंगावर पाणी उतरवायचं, म्हणजे परत थोडं तापवून ठिसूळपणा घालवायचा. टॅप न् स्क्रू एकाच सेटिंगचे असले की नट कसा बसतोय बघ, लोण्यावाणी.
डावा आटा हाय, तेव्हा टूल चकाकडनं टेलस्टॉककडं जाणार, सुरुवातीला गाळा मारून ठेव. लीडस्क्रू (आटे पाडताना टूल सरकवणारा लेथचा लांब स्क्रू) इंचातला असला तर इंच-मेट्रिक बदलायला लागणाऱ्या 127 दात्यांच्या गिअरची भानगडच नाही.
आणि हे सगळं तुझ्याच लेथवर होतंय. टूल आत घालताना हँडल कायम एकाच बाजूनं आवळत आणायचं, ढिलाई आपोआप निघते. फक्त नवीन स्क्रू न् नट हातात आल्याशिवाय जुनं खोलू नको.

गुऱ्हाळ_रिपेअर:
काका, जुना स्क्रू काल संध्याकाळीच काढलाय. नट काढताना दोन तुकडे झाले.

भावा_फिटर:
😂 शिरोलीला आमच्याकडं ये, लेथ इंचातलाच हाय. रविवारी मोकळा असतोय. ईएन 8 चा रॉड तू आण.