मदत हवी आहे: मावशीचा अंगठा लागत नाही, दोन महिने रेशन अडलंय

मंडळी, रेशनच्या भानगडी कुणी निस्तरल्या असतील तर सांगा.

मावशी ७२, काका ७७. काळाचौकीच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर दोघंच राहतात. कार्ड केशरी, प्राधान्य कुटुंबाचं. माणशी ५ किलोप्रमाणे दोघांचं १० किलो धान्य फुकट. काका अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. मुलाने डोंबिवलीला वेगळं कार्ड केलं तेव्हा या कार्डातून नाव कमी केलं. अंगठा लावायला उरली मावशी, आणि तिच्या बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत. तीस वर्षं गिरणी कामगारांची खाणावळ चालवली, राखेने टोप घासले, तव्यावरची भाकरी हातानेच उलटली. दुकानदार म्हणतो, हात धुऊन या, खोबरेल लावून या, उद्या या. माणूस वाईट नाही, पण मशीनमधून पावती निघाल्याशिवाय तो तरी काय करणार?

मला हे कळलं ते भलत्याच वाटेने. परवा फोडणीला हिंग शोधताना डबीत मावशीच्या डायबिटीसच्या गोळ्या सापडल्या, विळीवर अर्ध्या केलेल्या. "वाण्याकडून तांदूळ आणावे लागले ना गं, मग गोळ्या पुरवून घेते." त्यातली एक सावकाश विरघळणारी, ती तोडायचीच नसते. आधी ओरडले तिच्यावर, मग मलाच रडू आलं.

वय वंदना कार्ड, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचं आयुष्मान भारतचं ५ लाखांच्या मोफत उपचारांचं सरकारी कार्ड, दोघांचं काढलंय. ७० पुढच्या सगळ्यांना मिळतं, उत्पन्न विचारत नाहीत. पण ते ५ लाख ॲडमिट झाल्यावरचे. रोजच्या गोळ्यांना त्यातून छदाम नाही. म्हणजे साखर वाढून आडवी झाली की मग उपचार फुकट! जनऔषधी केंद्रात तिच्या गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळाल्या, काकांची एक मात्र तिथे नव्हती.

तर, डोळ्यांवरून ओळख पटवणारं मशीन लालबाग-परळकडे कुठल्या दुकानात खरोखर चालू आहे? धान्य दुसऱ्या दुकानातूनही उचलता येतं, टॅक्सीने नेईन. आधार केंद्रात ठसे नव्याने दिल्यावर कुणाच्या घरच्या म्हाताऱ्यांचा अंगठा लागू लागला का? काकांची ई-केवायसी, म्हणजे रेशन कार्डासाठी आधारवरून ओळख पडताळणी, घरी येऊन करून घ्यायची तर अर्ज कुणाकडे? आणि बुडालेल्या महिन्यांचं धान्य नंतर मिळतं, की गेलं ते गेलं?

मुलाकडून पैसे घ्या, हा सल्ला कृपया नको. तो द्यायला तयार आहे, ती घेत नाही.