नववीच्या आरोग्यसेवा विषयासाठी विद्यार्थ्यांकडून अपेक्षा : कागदावर काय लिहावं?

खडूफळा

आमच्या शाळेत यंदा नववीला आरोग्यसेवा हा व्यवसाय शिक्षणाचा विषय सुरू होतोय. वर्गात ३५ मुलं-मुली. साहित्य म्हणाल तर बीपीची दोन यंत्रं (एक डिजिटल, एक डायलचं), दोन स्टेथोस्कोप, चार डिजिटल थर्मामीटर आणि सीपीआरसाठी (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करायचा प्राथमिक उपचार) एक पुतळा. पहिल्या पालकसभेत 'विद्यार्थ्यांकडून अपेक्षा' असा एक पानी कागद द्यायचा आहे. इकडून तिकडून जे नमुने मिळाले त्यांत वेळेवर या, एप्रन धुतलेला असावा, वही पूर्ण ठेवा, एवढंच आहे. ते हवंच, पण त्यातून मुलाला काय यायला हवं ते कळत नाही.

तीन प्रश्न आहेत. वर्षअखेरीस प्रत्येकाने नेमकं काय करून दाखवलं पाहिजे? प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भेटीत मुलांनी काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही? आणि 'हा विषय घेतला की मुलगी नर्स होईल ना?' असं पालक विचारतात, त्यांना काय सांगायचं?

वॉर्ड_ते_वर्ग

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. 'समजून घेईल', 'माहिती असेल' अशी क्रियापदं कागदावर ठेवू नका. 'करून दाखवेल', 'मोजेल', 'नोंदवेल' असं लिहा. नववीला चारच गोष्टी पक्क्या झाल्या तरी पुष्कळ आहे : हात धुणं, नाडी आणि श्वसन मोजणं, तापमान घेणं, बीपी मोजणं.

हात धुणं सगळ्यांना येतं असं वाटतं आणि तिथेच घोळ होतो. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, अल्कोहोलच्या द्रावणाने २० ते ३० सेकंद. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढून, नखं कापलेली. तपासण्याची सोपी पद्धत : मुलाला डोळे मिटायला सांगा, तळहातावर चमचाभर पोस्टर कलर द्या आणि साबण समजून चोळायला लावा. डोळे उघडल्यावर जिथे रंग पोचलेला नाही ती जागा रोजच सुटते. बहुतेकांचे अंगठे, बोटांची टोकं आणि हाताची मागची बाजू कोरी राहते. हे एकदा पाहिलं की पायऱ्या पाठ करून घ्याव्या लागत नाहीत.

नाडी मनगटावर अंगठ्याच्या बाजूला, तर्जनी आणि मधल्या बोटाने. आपल्या अंगठ्याने मोजायची नाही, कारण अंगठ्यातही नाडी लागते आणि आपलीच मोजली जाते. ३० सेकंद मोजून दुप्पट केलेलं चालेल, पण ठोके अनियमित लागले तर पूर्ण ६० सेकंद. तपासताना ज्याची नाडी मोजली जातेय त्याचं दुसरं मनगट तुम्ही धरा आणि दोघांनी एकाच वेळी मोजा. चारपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, तसंच धरून छातीची हालचाल बघत श्वास मोजायचे. 'आता श्वास मोजतो' असं सांगितलं की समोरच्याचा श्वास लगेच बदलतो. मोठ्या माणसात विश्रांतीच्या वेळी नाडी ६० ते १०० आणि श्वसन १२ ते २० हे आकडे पाठ हवेत. थर्मामीटर काखेत धरताना टोक त्वचेला टेकलेलं हवं, कपड्यात अडकलेलं नको, आणि बीप होईपर्यंत काढायचा नाही. नोंदीत आकड्यापुढे 'काख' लिहिणं सक्तीचं करा, कारण काखेतलं तापमान तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सियसने कमी येतं.

बीपीला सगळ्यात जास्त वेळ द्या. पाच मिनिटं शांत बसणं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, मांडीवर मांडी नाही, दंड हृदयाच्या पातळीवर आणि टेकवलेला. मधल्या सुट्टीत पळून आलेल्या मुलाचं लगेच मोजू नका. कफ (हवा भरायचा पट्टा) उघड्या दंडावर, खालची कड कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर. आधी मनगटाची नाडी धरून हवा भरायची. नाडी जिथे गायब होते तो आकडा लक्षात ठेवायचा आणि हवा पूर्ण सोडायची. मिनिटभराने त्या आकड्याच्या ३० वर जायचं आणि सेकंदाला २ ते ३ मिलिमीटरच्या (बीपी पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) वेगाने उतरायचं. स्टेथोस्कोपमधून पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, ठोके पूर्ण थांबतात तो खालचा. चुका ठरलेल्या असतात : स्टेथोस्कोप कफखाली खुपसणं, बाहीवरून कफ बांधणं, झडप पटकन सोडणं (मग वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त येतो), चुकलं म्हणून मध्येच पुन्हा हवा भरणं. सलग दोन प्रयत्नांनंतर त्या दंडाला विश्रांती.

शाळेला परवडलं तर एक टीचिंग स्टेथोस्कोप मागवा. एकाच वेळी दोघांना ऐकू येतं, त्यामुळे मुलाने ठोका खरंच ऐकला की नाही हे लगेच कळतं.

आणि कागदावर सगळ्यात वर, ठळक अक्षरात हे लिहा : न मोजलेला आकडा वहीत लिहायचा नाही. डायलवर खुणा २-२ मिलिमीटरच्या असतात. तिथे १२५/८३ अशी नोंद आली तर ती वाचलेली नाही, मनाने लिहिलेली आहे. सगळ्या वर्गाचं १२०/८० आलं तरी तेच समजायचं. 'ऐकू आलं नाही, पुन्हा मोजतो' म्हणणाऱ्या मुलाचे गुण कापू नका. उद्या हेच मूल एखाद्या म्हाताऱ्या माणसाशेजारी बसणार आहे आणि त्याच्या आकड्यावर औषध ठरणार आहे. खोट्या नोंदीची सवय नववीत लागली तर पुढे ती मोडणं फार अवघड.

लाल_पिवळी_पिशवी

भेटीबद्दल. नियम निघायच्या आदल्या दिवशी सांगू नका, आधीच लेखी द्या आणि पालकांची सही घ्या.

मुलांनी बघायचं, विचारायचं, लिहायचं. सुई, रक्त, वापरलेलं ड्रेसिंग, औषध यांना हात लावायचा नाही, कोणी प्रेमाने 'ये, करून बघ' म्हटलं तरी नाही. सुईला टोपण परत लावायचं नाही हे त्यांना माहीत हवं, पण ते करून बघायची वेळच येऊ नये. सहा-सात जणांचा एक गट, त्यापेक्षा मोठा नको. ओपीडीत ३५ जण एकदम घुसले तर पेशंटला बसायला जागा राहत नाही आणि मुलांना काही दिसत नाही. ज्याला ताप, खोकला किंवा जुलाब आहेत तो त्या दिवशी येणार नाही.

धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस १० आणि १६ व्या वर्षी असते, तेव्हा १० व्या वर्षाची झाली आहे का ते विचारून घ्या. हिपॅटायटिस बीचे डोस लहानपणी झालेत का तेही लसीकरण कार्डावर बघा.

गुप्तता हा वेगळा परिच्छेद करा. गावात सगळे एकमेकांना ओळखतात. मुलाला तिथे शेजारच्या काकू दिसतील, टीबीच्या गोळ्या घेताना वर्गमित्राचे वडील दिसतील. घरी जाऊन कोण दिसलं ते सांगायचं नाही, आईलासुद्धा नाही. एचआयव्हीबद्दल तर २०१७ चा कायदाच आहे, संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करता येत नाही. मोबाईल शाळेत ठेवून जायचं. वहीत पेशंटचं नाव नाही, 'स्त्री, अंदाजे ५०' एवढंच.

कचऱ्याचे रंग शिकवताना तक्ता पाठ करून घेण्यापेक्षा एक सलाईन संपल्यावर काय काय उरतं ते विचारा. प्लास्टिकची बाटली आणि नळी लाल पिशवीत. सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. रक्त पुसलेला कापूस पिवळ्या पिशवीत. औषधाची काचेची कुपी निळ्या खोक्यात. हातमोजे लाल पिशवीत जातात, आणि मुलं हमखास पिवळी सांगतात. नव्या, न वापरलेल्या वस्तू टेबलावर मांडून वर्गातच सराव होतो. सुईऐवजी रिकामी टोपणं ठेवा.

दुपारपाळी

दोन गोष्टी राहिल्या. छातीवर दाब देण्याचा सराव फक्त पुतळ्यावर, जिवंत माणसावर कधीही नाही. ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. मुलं कोपरं वाकवतात आणि मिनिटभरात दमतात. खांदे हातांच्या बरोबर वर आणि कोपरं ताठ असतील तर शरीराचं वजन काम करतं. त्याआधी '१०८ ला फोन लावा' हे समोरच्या एकाकडे बोट दाखवून, मोठ्याने म्हणणं याला वेगळा गुण ठेवा.

दुसरं, एकमेकांवर सराव करताना आधी विचारायचं. मुलींची जोडी मुलींशी, मुलांची मुलांशी. कोणाला दंड उघडा करायचा नसेल तर आग्रह नको, त्याने पुढच्या वेळी नोंदी लिहाव्यात.

पालकांना स्पष्ट सांगा, या विषयाने कोणी नर्स होत नाही. जीएनएम (नर्सिंगची पदविका) असो, एएनएम (सहायक परिचारिका) असो की बीएस्सी नर्सिंग, प्रवेश बारावीनंतरच. बीएस्सीला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, म्हणून दहावीनंतर शाखा निवडताना हे डोक्यात ठेवावं. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. नववी-दहावीतून मिळतं ते रुग्णसेवेचं प्राथमिक कौशल्य आणि हे काम आपल्याला झेपेल का याचा अंदाज. तो अंदाज लवकर येणं मोलाचं आहे. आणि 'मुलगी' म्हणून विचारताहेत, तर हेही सांगा की वॉर्डात मुलांचीही तेवढीच गरज आहे.

खडूफळा

फार उपयोगी, सगळं उतरवून घेतलं. एक शंका : आमचे दोन्ही कफ मोठ्या माणसांचे आहेत. १४ वर्षांच्या बारीक मुलांवर चालतील का?

वॉर्ड_ते_वर्ग

सगळ्यांवर नाही. पहिल्याच तासाला शिवणकामाच्या टेपने प्रत्येकाच्या दंडाचा मध्यावरचा घेर मोजून वहीत लिहून घ्या, तोही एक सरावच. नेहमीचा कफ साधारण २७ ते ३४ सेंटिमीटर घेराला चालतो, २२ ते २६ ला लहान, त्याहून बारीक दंडाला मुलांचा. बारीक दंडावर मोठा कफ लावला की बीपी खरं असतं त्यापेक्षा कमी दिसतं, आणि जाड दंडावर लहान लावला की जास्त. डायलच्या यंत्राला लहान कफ वेगळा विकत मिळतो, फक्त नळ्या तुमच्या यंत्राप्रमाणे एक की दोन ते बघून घ्या. तो येईपर्यंत बारीक मुलांना मोजणारे करा आणि दंड शिक्षकांचे वापरा.