मदत हवी आहे: फॉके-वुल्फचा एअर इनटेक नाकाच्या डाव्या बाजूला की उजव्या?

चिकटवणारा
लवकर उत्तर हवंय. फॉके-वुल्फचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ विमानाचं, प्लास्टिक किट जोडतोय. नाकाच्या बाजूला जो एअर इनटेक (इंजिनासाठी हवा घेणारं तोंड) येतो तो कुठल्या बाजूला बसवायचा? फ्युजलाजच्या (विमानाच्या अंगाच्या) दोन्ही अर्ध्यांवर आतून गोल खूण आहे, भोक आपल्यालाच पाडायचंय. नेटवर एका फोटोत डावीकडे दिसतो, दुसऱ्यात उजवीकडे. शनिवारी मुलाच्या शाळेत प्रदर्शन आहे, त्याआधी रंग वाळायला हवा. रंग कोणते तेही सांगा.

घाटमाथा
कुठलं फॉके-वुल्फ? १९० चे ए, एफ, जी, डी आहेत, शिवाय त्यांच्यातूनच पुढे निघालेलं टीए १५२. स्केल काय? बॉक्सवर काय लिहिलंय?

चिकटवणारा
बॉक्स नाही, सूचनापत्रकही नाही, सुटे भाग पिशवीत मिळाले. लांब नाकाचं आहे, युद्धाच्या शेवटीशेवटीचं. इंजिन गोल आहे. एवढ्यावर सांगता येईल ना?

सारंग_पुणे
मग डोरा, म्हणजे डी-९. इनटेक उजवीकडे. मी पूर्वी ४८ स्केलचं (खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्शाचं) केलंय. वरून आरएलएम (जर्मन हवाई मंत्रालयाचे रंगक्रमांक) ८२ आणि ८३ हिरवे, खालून ७६ फिकट निळा. विषय संपला.

घाटमाथा
सारंग, इतक्यात संपवू नका. नाक गोल दिसतं म्हणून इंजिन गोल नसतं. डी-९ मध्ये युंकर्स युमो २१३ए आहे, बारा सिलिंडरचं, उलट्या व्ही आकाराचं, पाण्याने थंड होणारं. त्याच्यापुढे कड्यासारखा गोल रेडिएटर बसवलाय, म्हणून समोरून जुन्या ए मालिकेसारखं दिसतं. टीए १५२ लाही तसंच कडं आहे. त्यामुळे 'लांब नाक' आणि 'गोल' या दोन खुणांवर काहीच ठरत नाही.
चिकटवणारा, पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजून सांगा.

चिकटवणारा
२०-२२ सेंमी असेल. पण प्रश्न इनटेकचा आहे, पंखांचा नाही.

घाटमाथा
अहो, पंखांवरच सगळं अडलंय. डी-९ चे पंख १०.५ मीटर. ४८ स्केलला ते जवळजवळ २२ सेंमी होतात. टीए १५२ एच चे १४.४४ मीटर, ७२ स्केलला बरोबर २० सेंमी. तुमचं '२०-२२' नेमकं दोन विमानांच्या मधे पडतं. पट्टी लावा.

आकाशकंदील
पट्टीसुद्धा नको. फ्युजलाज पंखांशेजारी ठेवून पाहा. डी-९ ची लांबी १०.२ मीटरच्या आसपास, म्हणजे पंख आणि अंग जवळपास सारखं. एच चे पंख अंगापेक्षा एक तृतीयांशाने जास्त. ग्लायडरसारखे लांब, निमुळते असतील तर एच. दुसरी खूण म्हणजे नाकाच्या वरच्या अंगाला, कॉकपिटच्या पुढच्या काचेपुढे, दोन बंदुकांसाठी फुगवटे आणि खाचा आहेत का? डी-९ ला तिथे १३ मिमीच्या दोन एमजी १३१ असतात. एच ला वर काहीच नाही.

लाकूडकाम
प्लास्टिकच्या नादाला लागू नका. बाल्साची ३ मिमी फळी आणा, ब्लेडने कापा, रबर बँडवर उडणारं करा. मुलाला उड्डाण समजेल. प्लास्टिकचं कपाटात धूळ खातं.

चिकटवणारा
लाकूडकाम, शनिवार परवा आहे.
वर बंदुका नाहीत, गुळगुळीत आहे. पंख २० सेंमी आणि अंगापेक्षा बरेच लांब. प्रोपेलरची पाती खूप रुंद आहेत. आता सांगा.

घाटमाथा
झालं की मग. टीए १५२ एच, ७२ स्केल. रुंद लाकडी पातीही त्याला जुळतात. उंचावर विरळ हवा कापायला पातं रुंद लागतं.

वैमानिक_नाही
थांबा. टीए १५२ असेल तर इनटेक डावीकडे. त्याला डेमलर-बेंझ ६०३ होतं, आणि डेमलरचा सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) डावीकडून हवा घेतो. मेसरश्मिट १०९ बघा, इनटेक कायम डावीकडे. इंजिन मी समजतो, आयुष्य त्यातच गेलंय.

आकाशकंदील
काका, डेमलर ६०३ टीए १५२ 'सी' ला होतं. त्याचे पंख ११ मीटर, ७२ ला साधारण सव्वापंधरा सेंमी, आणि त्याच्या नाकावर २० मिमीच्या दोन तोफा आहेत. यांच्याकडे २० सेंमी पंख आणि नाक गुळगुळीत. एच ला युमो २१३ई आहे आणि युमो उजवीकडून हवा घेतं. म्हणूनच किटवाल्याने दोन्ही अर्ध्यांवर खूण ठेवली असणार, एकाच साच्यातून सी आणि एच दोन्ही काढायचे म्हणून. नेटवरचे दोन फोटोही असेच दोन प्रकारांचे असतील.

वैमानिक_नाही
सी साठी म्हणत असाल तर मान्य. पण उजवीकडे म्हणजे कोणाच्या उजवीकडे? समोरून बघणाऱ्याच्या की आत बसलेल्याच्या? हे न सांगता भोक पाडायला लावाल आणि बिचारा फसेल.

चिकटवणारा
हो, हे आधी सांगा! मी नाक माझ्याकडे तोंड करून ठेवलंय.

घाटमाथा
वैमानिकाच्या उजवीकडे. नाक तुमच्याकडे असेल तर तुमच्या डाव्या हाताला येईल. कॉकपिटच्या खुर्चीत बसल्याची कल्पना करा, उजवा हात पुढे करा, त्या बाजूला.

सारंग_पुणे
पण मुळात हे विमान का करताय? टीए १५२ हातावर मोजावीत इतकीच लढली. डोराने खरं युद्ध केलं. १९४४ च्या शरद ऋतूत जेजी ५४ (जेजी म्हणजे जर्मन लढाऊ विमानांचं दल) च्या तिसऱ्या ग्रुपेने आखमर आणि हेझेपेच्या धावपट्ट्यांवर एमई २६२ जेटना उतरताना-चढताना राखलं. जेट हवेत ८७० किमी वेगाने जातं, पण धावपट्टीजवळ हळू असताना अमेरिकन मस्टँग लढाऊ विमानांसमोर उघडं पडतं. प्रदर्शनात हे सांगितलं तर मुलं ऐकतील.

कोकणकडा
जेटचा विषय निघालाच आहे तर, एमई २६२ चं युमो ००४ इंजिन दहा ते पंचवीस तासांतच बदलावं लागायचं. निकेल आणि क्रोमियम मिळत नव्हतं. १९४४ च्या मे पासून लॉयनासारख्या कृत्रिम इंधनाच्या कारखान्यांवर बाँब पडायला लागल्यावर तर नवी पोरं शिकवायलाही पेट्रोल नव्हतं. विमान कितीही चांगलं असो, उडवणार काय आणि कोण?

आकाशकंदील
सारंग, टीए १५२ ची एक चकमक मात्र सांगण्यासारखी आहे. १४ एप्रिल १९४५, लुडविग्सलुस्टजवळ न्यूझीलंडच्या ४८६ स्क्वाड्रनची टेंपेस्ट ही ब्रिटिश लढाऊ विमानं रेल्वेवर हल्ले करत होती. नॉयश्टाट-ग्लेवेच्या धावपट्टीवरून जेजी ३०१ ची तीन टीए १५२ उठली. एक, झेप सॅटलरचं, चकमक सुरू होता होताच कोसळलं, का ते कळलं नाही. विली रेश्केने एका टेंपेस्टशी झाडांच्या शेंड्यांवर वळणावर वळण घेत झुंज दिली आणि ते पाडलं. त्यातला ओवेन मिचेल मारला गेला. १४ किमी उंचीसाठी बनवलेलं विमान जमिनीलगत लढलं आणि वळण्यात टेंपेस्टला भारी पडलं, ते लांब पंखांमुळेच. सॅटलर आणि मिचेल दोघांना दुसऱ्या दिवशी शेजारी शेजारी पुरलं.

वैमानिक_नाही
आणि रेश्केकडे जीएम-१ होतं ना, म्हणून जिंकला. नायट्रस ऑक्साइड इंजिनात सोडलं की ताकद एकदम वाढते.

आकाशकंदील
काका, जमिनीलगत जीएम-१ चा काय उपयोग? ते उंचावरचं औषध. वर हवा विरळ, सुपरचार्जर कमी पडायला लागतो, तेव्हा नायट्रस ऑक्साइडमधून वेगळा ऑक्सिजन मिळतो. त्याच्या जोरावर एच-१ साडेबारा हजार मीटरवर ताशी ७५० किमीच्या वर जायचं. खालच्या उंचीवर चालतं ते एमडब्ल्यू ५०, मेथॅनॉल आणि पाण्याचं मिश्रण. त्याने आत जाणारी हवा थंड होते, इंजिन ठोकत नाही, जास्त दाब देता येतो. १७५० अश्वशक्तीचं इंजिन थोडा वेळ २००० च्या पुढे जातं. या विमानांचा आराखडा करणारा कुर्ट टँक स्वतः १९४४ च्या अखेरीस टीए १५२ घेऊन निघाला असताना मस्टँग मागे लागली आणि एमडब्ल्यू ५० सुरू करून तो निसटला, असं सांगतात.

मधुरा_बंगळूर
कुर्ट टँक म्हणजे आपल्या मरुत या लढाऊ जेटचा टँक! हे लिहायलाच हवं होतं कुणीतरी. युद्धानंतर अर्जेंटिनाला जाऊन १९५६ मध्ये बंगळूरला एचएएलमध्ये आला, एचएफ-२४ मरुतचं पहिलं उड्डाण १७ जून १९६१. १९७१ ला राजस्थानच्या आघाडीवर मरुत लढलं. आराखडा आवाजाच्या दुप्पट वेगाचा, पण हाताला लागलं ते छोटं ऑर्फियस इंजिन. प्रदर्शनात टीए १५२ शेजारी टँकचं आणि मरुतचं चित्र ठेवा, मुलांना आपलं काहीतरी दिसेल. जर्मनीत श्लाइसहाइमच्या संग्रहालयात आपलं मरुत उभं आहे.

कोकणकडा
मरुतवर वेगळा धागा काढा मधुराताई, मी येतो. इंजिनाअभावी वाया गेलेल्या आराखड्याबद्दल बरंच बोलायचंय.

चिकटवणारा
ताई, मरुतचं चित्र नक्की ठेवतो, मुलाला आवडेल.
बाकीच्यांना विनंती, रंग सांगा. डिकलच्या (विमानावर चिकटवायच्या खुणांच्या) कागदावर हिरवा ९ आकडा आहे आणि पिवळा-लाल पट्टा. कॅनपी (कॉकपिटवरची काच) सुपरग्लूने चिकटवू का?

घाटमाथा
हे डिकल पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर पंख मोजायलाच लागले नसते. पिवळा-लाल पट्टा शेपटीआधी, तो जेजी ३०१ चा. हिरवा आकडा मुख्यालयाच्या तुकडीचा. हिरवा ९ म्हणजे एच-१. वरून ८२ आणि ८३, काही जण ८१ तपकिरी-जांभळा धरतात. खालून ७६.

सारंग_पुणे
८१ धरा. १९४५ च्या विमानांवर ८१-८२ ची जोडीच जास्त.

घाटमाथा
ठामपणे सांगू नका सारंग, काळ्या-पांढऱ्या फोटोंवरून कुणीच ठाम सांगू शकत नाही. शिल्लक राहिलेलं एकमेव विमान स्मिथसोनियनकडे आहे आणि तेही एच-०, म्हणजे एच-१ च्या आधीच्या मालिकेतलं आहे. चिकटवणारा, घरात जी हिरवी जोडी असेल ती लावा.

श्टुटगार्टकर
सुपरग्लू कॅनपीला अजिबात नको, वाफेने काच आतून धुरकट होते. पांढरा फेविकॉल घ्या, वाळला की पारदर्शक. खऱ्या विमानाची काच दुहेरी होती आणि मधल्या पोकळीत सिलिका जेलच्या गोळ्या ठेवायचे, दाबाच्या केबिनमध्ये काचेवर बाष्प धरू नये म्हणून. शिवाय शाळेत ठेवताय तर शेपटीवरचं नाझी स्वस्तिकाचं चिन्ह लावू नका. इथे जर्मनीत किटच्या बॉक्सवर ते छापतच नाहीत, डिकलमध्ये कधी कधी दोन तुकडे करून देतात. पालकांचे प्रश्न मुलाला झेलावे लागायला नकोत.

चिकटवणारा
चिन्ह नाही लावत. भोक पाडलं, वैमानिकाच्या उजवीकडे, इनटेक नीट बसला. फेविकॉल घरात आहे. प्रोपेलरच्या पुढच्या टोकाला आणखी एक भोक आहे, ते कशाचं?

आकाशकंदील
एमके १०८ चं. ३० मिमीची तोफ इंजिनामधून प्रोपेलरच्या मधोमध बाहेर येते. ते बुजवू नका! शिवाय पंखांच्या मुळाशी एकेक एमजी १५१, २० मिमी. त्यांच्या नळ्या स्टेपलरची पिन सरळ करून लावा, प्लास्टिकच्या तुटतात.