भर उन्हात डोंगर चढताना कोण कोण भेटलं?

माथ्याकडे बघायचं सोडून वाटेकडे बघत चालायला लागल्यापासून माझा वेग निम्म्यावर आलाय. सोबतचे वैतागतात. पण तुम्हीही लिहा. याद्या नकोत, किस्से हवेत.

माझा घ्या. सकाळी साडेआठला कातळावर एक फुलपाखरू पंख पसरून ऊन खात होतं. उडायच्या स्नायूंना साधारण ३० अंशांची ऊब लागते, तोवर ते सुस्तच. मी वाकले, सावली त्याच्यावर पडली, भुर्रर्र! तीनदा तेच. चौथ्यांदा सूर्य समोर ठेवून गुडघ्यांवर सरकत गेले. पंखाची कड त्रिकोणी तुटलेली दिसली. चोचीतून सुटलेलं होतं बहुधा.

*

मी पक्षीवाला. दहा वाजले, झाडी गप्प झाली, की पूर्वी मुकाट उतरायला लागायचो. मूर्खपणा! जमीन तापली की गरम हवा वर चढते आणि घारींचा दिवस तिथून सुरू होतो. एकदा कड्यावर बसलो असताना एक घार माझ्या पायांखालून घिरट्या घालत वर आली. घारीची पाठ पहिल्यांदाच बघत होतो. पंख एकदाही फडफडले नाहीत, फक्त शेपटी सुकाणूसारखी कलत होती.

*

मला गांधीलमाशी डसली. डोळाच सुजला, पुढचं काही दिसलं नाही.

*

ओल्या मातीवर फुलपाखरं चिखलपान करतात, ते क्षारांसाठी. बहुतेक नरच असतात. आमच्याकडे चिखल नव्हता, माझा घामेजलेला हात होता. एक येऊन बसलं, सोंड उलगडून मनगट चाचपायला लागलं. लेक म्हणाली, "बाबा, हलायचं नाही." पंधरा मिनिटं! हात बधिर.

*

डबक्याकाठच्या काडीवर एक चतुर शेपूट थेट आभाळाकडे करून बसलेला. मला वाटलं, आजारी आहे. नंतर कळलं, सूर्य डोक्यावर आला की अंगावर कमीत कमी ऊन यावं म्हणून हे शीर्षासन.

*

कपारीत सावलीला टेकलो. कोरड्या मातीत नरसाळ्यासारखे खड्डे, तळाशी मुंगीसिंहाची अळी दडलेली. एक मुंगी काठावरून घसरली. खालून मातीचा फवारा उडाला, ती आणखी खाली. पुन्हा चढली, पुन्हा फवारा. तिसऱ्यांदा निसटली. मी डबा उघडलाच नव्हता, आणि सोबतचे माथ्यावरून परत येत होते.