सत्तांतर, संक्रमण की आणखी काही?

खटावकर: मुलीचा लेख तपासतोय, कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी. हुकूमशाही रक्त न सांडता लोकशाहीत बदलू शकते का, असा विषय. तिने सगळीकडे 'सत्तांतर' लिहिलंय. खटकतंय, पण का ते सांगता येईना.

मिरजकर: खटकायलाच हवं. भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, देशांतर म्हणजे दुसरा देश, तसं सत्तांतर म्हणजे दुसरी सत्ता. कारभारी बदलला, एवढंच. पंचायत समितीचा सभापती बदलला तरी आपल्याकडे मथळा तोच! चिलीत १९८८च्या सार्वमतात लष्करी हुकूमशहा पिनोशे हरला, १९९०मध्ये अध्यक्षपद गेलं, पण लष्करप्रमुख तो १९९८पर्यंत होताच. हे सत्तांतर, तेही अर्धंमुर्धं. स्पेनचं उलट. तिथला हुकूमशहा फ्रँको १९७५ला वारला. त्याच्याच पक्षाचा सरचिटणीस राहिलेला सुआरेझ पुढच्या वर्षी पंतप्रधान झाला, आणि फ्रँकोच्याच संसदेने १९७६मध्ये स्वतःला मोडीत काढणारा कायदा मंजूर केला. माणसं तीच, राज्य वेगळं. याला स्थित्यंतर म्हणा.

वाईची माई: 'रक्त न सांडता' पण खोडा. जानेवारी १९७७मध्ये माद्रिदला कामगारांच्या वकिलांच्या कचेरीत गोळीबार होऊन पाच जण मेले. 'संक्रमण' हा पुस्तकी शब्द आहे, पण करोनापासून तो वाचला की मला मास्कच आठवतो. आपला 'संसर्ग' काय वाईट होता? संक्रमणाचा मूळ अर्थ सरकणं, सूर्य मकरेत जातो तसं. (एखाद्यावर संक्रांत येते ती निराळी. हुकूमशहाला तीच दिसत असणार.)

खटावकर: मग आमचं औंध संस्थान? तिथले राजे पंतप्रतिनिधी, त्यांनी १९३९मध्ये आपणहून राज्यघटना दिली, कारभार गावपंचायतींकडे सोपवला. राजा गादीवरच.

मिरजकर: आमच्याकडचं आटपाडी, कुंडलही त्याच संस्थानात. पण पुरावा म्हणून जपून वापरा. वर इंग्रज होते, राजाच्या हातात मुळात होतं किती?

वाईची माई: जे होतं ते दिलं ना! त्याला 'सत्तात्याग' म्हणा.

मिरजकर: त्याग म्हटला की हार घालावा लागतो, माई. साधं क्रियापद बघा. औंधच्या राजाने सत्ता सोडली. पिनोशेची सुटली.

खटावकर: आणि स्पेनच्या संसदेची?

मिरजकर: सोडली म्हणायची. सुटणार हे दिसत होतं म्हणून.

खटावकर: मथळा मिळाला. 'सोडली की सुटली?' भित्तिपत्रकात मावतोही.