अलार्म न लागता गाडी लॉक कशी करावी?

रामबागवासी:
माझ्या आईला गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, म्हणून शीतलामाता बाजारात गेलो की ती गाडीतच बसते आणि आम्ही दहा-पंधरा मिनिटांत काम उरकून येतो. गर्दीत दारे लॉक न करता जाणे पटत नाही, आणि रिमोटने लॉक केली तर तिने आतून दार उघडताच सायरन सुरू होतो. मागच्या आठवड्यात चावी माझ्या खिशात, मी साडीच्या दुकानात दुसऱ्या मजल्यावर, आणि खाली आई दोन्ही कानांवर हात ठेवून बसलेली, भोवती ही गर्दी! लोक आपल्याला चोर समजून पाहत होते, असे ती अजून ऐकवते. दारे लॉक व्हावीत पण अलार्म लागू नये, अशी काही सोय असते का? गाडी ९ वर्षे जुनी हॅचबॅक आहे.

सुदामानगरकर:
अलार्म कंपनीने बसवलेला आहे की दुकानातून बसवून घेतला आहे, हे आधी पाहावे लागेल. कंपनीचा असेल तर तो बहुधा दारे, बॉनेट आणि डिकी यांच्या स्विचांवर चालतो. रिमोटने लॉक केल्यावर यांपैकी काहीही रिमोटविना उघडले की तो वाजणारच. काही मॉडेलांत दाराच्या भोकात चावी फिरवून लॉक केल्यास अलार्म लागत नाही, काहींत तरीही लागतो. गाडीच्या पुस्तिकेत ते दिलेले असते.

रामबागवासी:
दुकानातून बसवलेला आहे. रिमोटवर काट मारलेल्या कर्ण्याचे एक बटण आहे. ते दाबून लॉक केले तर फक्त सुरुवातीची ‘टुक्’ गेली, सायरन मात्र वाजलाच.

जुना ऑटो इलेक्ट्रिशियन:
इथेच पुष्कळांची फसगत होते. अशा बहुतेक संचांत ते बटण फक्त लॉक होतानाचा आवाज बंद करते; अलार्म लागलेलाच असतो आणि डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा लुकलुकत राहतो. आपल्याला तो दिवा लुकलुकायलाच नको आहे. त्यासाठी रिमोटला हात न लावता चालकाच्या दारात चावी फिरवून लॉक करावे. बाहेरून बसवलेल्या सेंट्रल लॉकिंगमध्ये साधारणपणे चालकाच्या दाराच्या मोटरीला पाच तारा आणि बाकीच्या दारांच्या मोटरींना दोन-दोन असतात. या जादा तारांमुळे चालकाचे दार लॉक झाल्याचे मुख्य डब्याला कळते आणि तो उरलेली दारे लॉक करतो, पण रिमोटचा आदेश नसल्यामुळे अलार्म लावत नाही. मात्र काही संच इंजिन बंद करून दारे लावल्यावर थोड्या वेळाने आपोआप अलार्म लावतात, म्हणून घरीच परीक्षा घ्यावी: काच खाली करून चावीने लॉक करा, दोन मिनिटे थांबा आणि हात आत घालून आतला हँडल ओढा.

सायरनची तार कापण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. काही सायरनांत स्वतःची बॅटरी असते, आणि मग तार निघताच ते अधिकच कोकलतात.

लोकमान्यनगर:
दोन गोष्टी. काही गाड्यांत डबल लॉक असते, त्यात आतले हँडलही चालत नाही. तसे असेल तर माणूस आत ठेवून ते कधीही लावू नये. आणि एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतला पारा दहा मिनिटांत सुमारे १० अंशांनी चढतो. इंदुरात बाहेरच ४० च्या पुढे असताना आईंना दुकानातल्या खुर्चीवर बसवलेले बरे. त्या दिवसांत हा लॉकचा प्रश्नच येऊ देऊ नये.

रामबागवासी:
उन्हाचे म्हणणे मान्य आहे; बाजार आता संध्याकाळीच करू. परीक्षा घेतली, पण आधी चावीच फिरेना, कारण नऊ वर्षांत ते भोक कोणी वापरलेलेच नव्हते. ओळखीच्या चावीवाल्याने तेल घालू दिले नाही, तेलावर धूळ बसून ते आणखी जाम होते म्हणाला. त्याने ग्रॅफाइटची भुकटी फुंकली आणि चावी पाच-सहा वेळा आत-बाहेर केली. आता चारही दारे लॉक होतात, तांबडा दिवा विझलेला राहतो आणि आतून दार उघडले तरी गाडी गप्प असते. काल आईला बसवून गेलो होतो. परत येऊन काच ठोठावली, तर तिने आधी चष्मा लावून मला नीट न्याहाळले आणि मगच दार उघडले.