वजन उचलायला शिकताना: तुमची सुरुवात किती किलोंनी झाली?

माझं वय ५४. तीन वर्षांपूर्वी डेक्सा स्कॅनमध्ये कमरेच्या हाडांची घनता कमी निघाली. पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटतं, हाडं भराभर विरळ होतात, स्नायूही झिजतात. नुसत्या चालण्यानं ते भरून निघत नाही, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. जिम लावली, तर तिथे रोज ट्रेडमिलवर उभं करायचे. "काकू, तुम्हाला वजनं कशाला?" फार लागलं ते. दुसरी जिम शोधली. तिथे आधी दोन आठवडे खुर्चीवरून हात न टेकता उठबस, मग ४ किलोचा डंबेल छातीशी धरून स्क्वॉट, म्हणजे वजन घेऊन बैठक. चकत्या न लावलेला रिकामा बार, म्हणजे लोखंडी दांडाच, २० किलोचा असतो, तो खांद्यावर यायला चार महिने लागले. आज ४० किलो घेऊन सलग पाच वेळा बसते. गव्हाचा डबा हलवायला कुणाला हाक मारावी लागत नाही.

आपल्याकडे बायकांना वजनं शिकवणारे कमी, घाबरवणारे फार. म्हणून विचारते: सुरुवात किती किलोंनी केलीत, कसं वाढवलंत, काय चुकलं? आकड्यांसकट लिहा.

सांगली, वय २३
मी वेटलिफ्टिंग शिकतो. पहिले दोन महिने सरांनी हातात फक्त काठी दिली. स्नॅचमध्ये बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर जातो. काठीची वाट चुकली तर बारचीही चुकणारच. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आमच्या सांगलीच्या संकेत सरगरनं ५५ किलो गटात स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्क या दुसऱ्या प्रकारात १३५, एकूण २४८ किलो उचलून रौप्य आणलं. त्यानंतरच घरच्यांनी मला पाठवलं.

कोल्हापूर, वय ३८
तालमीत वाढलो. जोर-बैठकांचा माज होता, म्हणून पहिल्याच दिवशी डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहायला, १०० किलो लावले. उठलेही. पण पाठीला बाक आला आणि तीन आठवडे अंथरुणात गेले. तालमीत जोर-बैठकांचा आकडा वाढवायचा असतो, इथे वजन वाढवायचं असतं. हा फरक मला कुणी सांगितला नव्हता. पुन्हा ४० पासून सुरू केलं. दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची चकती, म्हणजे आठवड्याला अडीच किलो, त्याहून जास्त नाही. बार नडगीला चिकटून वर यावा, पोटात श्वास भरून पोट ताठ ठेवावं. सगळं वहीत लिहितो. वही नसेल तर आपण गेल्या आठवड्याचंच वजन उचलत राहतो, हे माझं ठाम मत आहे.

पुणे, शाकाहारी
माझं वजन ६२ किलो. किलोमागे १.६ ग्रॅम धरलं तर रोज साधारण १०० ग्रॅम प्रथिनं लागतात. वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅमच असतात, हे मोजल्यावर कळलं. ५० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत पंचवीसेक ग्रॅम मिळतात. तिथून गाडी हलली.

नाशिक
वडील ७१ वर्षांचे, घरीच दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचलतात, आठवड्यातून दोनदा. कोल्हापूरकर दादा, तुम्ही श्वास भरून धरायला सांगता, पण बाबांना रक्तदाब आहे. श्वास कोंडून जोर लावला की तो एकदम चढतो, म्हणून डॉक्टरांनी त्यांना उचलताना श्वास सोडत जायला सांगितलंय. परवा देवळात मांडी घालून बसले आणि कुणाचा हात न धरता उठले. आई बघतच राहिली.